पडणारे मूल : स्वाभाविक काय, सूचक काय

चालायला शिकणारे मूल पडते, उठते आणि पुन्हा चालू लागते. घरातील वडीलधारी मंडळी 'पडल्यावाचून का कोणी चालायला शिकते?' असे म्हणून तरुण आईला धीर देतात आणि बहुतेक वेळा त्यांचे म्हणणे खरे ठरते. तथापि याच एका वाक्याच्या आधाराने काही घरांत एखादी महत्त्वाची खूण वर्षानुवर्षे नजरेआड राहते. दुसरीकडे, काही घरांत मूल दोनदा अडखळले की दृष्ट काढण्यापासून ते महागड्या तपासण्यांपर्यंत सर्व काही एका दिवसात होते. दोन्ही टोके टाळायची असतील तर मूल का पडते, कोणत्या वयात किती पडते आणि कोणते पडणे वेगळ्या खात्यात मांडावयाचे, हे कुटुंबाला ठाऊक असणे आवश्यक आहे.

चालणे ही मोठी कमाई

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांच्या हालचालींचा अभ्यास करून २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार आधाराविना चालणे साधारणतः ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही सुरू होऊ शकते. म्हणजे शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले आणि आपले चौदाव्या महिन्यापर्यंत चालले नाही, तर त्यात काळजीचे कारण नाही. अठरा महिने पूर्ण होऊनही मूल स्वतंत्रपणे चालत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, असा सर्वमान्य संकेत आहे.

न्यूयॉर्क विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांची मुले मनमोकळी खेळत असताना त्यांची पावले मोजली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, मूल एका तासात सरासरी २,३६८ पावले टाकते, सुमारे ७०० मीटर अंतर कापते आणि १७ वेळा पडते. हे आकडे निरोगी मुलांचे आहेत. ज्या घरात मूल दिवसभरात वीस वेळा पडले म्हणून चिंता आहे, त्या घराने हा हिशेब एकदा पाहावा.

या पडण्यामागे शरीररचना आहे. लहान मुलाचे डोके त्याच्या देहाच्या मानाने मोठे आणि जड असते, त्यामुळे तोलाचा बिंदू वर असतो. नवे चालणारे मूल म्हणूनच पाय फाकवून आणि दोन्ही हात वर धरून चालते, तसेच टाच आधी न टेकता संपूर्ण पाऊल एकदम टाकते. तोल सांभाळण्यासाठी डोळे, कानाच्या आतील तोलाची यंत्रणा, स्नायू व सांध्यांतून येणारी जाणीव आणि मेंदूच्या मागील भागातील अनुमस्तिष्क या सर्वांचा मेळ बसावा लागतो. हा मेळ हळूहळू बसतो. मोठ्या माणसासारखी चाल साधारणपणे सातव्या वर्षाच्या सुमारास येते.

पायांचा आकारही या काळात बदलत असतो. दोन वर्षांपर्यंत पाय काहीसे धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसतात. तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे एकमेकांना लागू लागतात आणि सातव्या वर्षापर्यंत ते बहुधा सरळ होतात. अनेक मुले चवडे आत वळवून चालतात व स्वतःच्याच पावलात अडकून पडतात. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाला असलेल्या पिळामुळे असे होते आणि वाढत्या वयाबरोबर बहुतेकांत तो पीळ आपोआप कमी होतो. सपाट तळवेही लहान वयात स्वाभाविक असतात. यांपैकी कशासाठीही विशेष बूट किंवा पट्टे लावण्याची सहसा गरज नसते. मात्र हे बदल दोन्ही पायांत सारखे असावेत. एकच पाय वाकडा, आखूड किंवा कमजोर दिसत असेल, किंवा मूल एका बाजूला झुकून चालत असेल, तर खुब्याच्या सांध्याची तपासणी करून घ्यावी.

घरातील साधी कारणे

आजार शोधण्यापूर्वी घर तपासावे. गुळगुळीत फरशीवर पायमोजे घालून फिरणारे मूल घसरणारच. 'पुढच्या वर्षीही चालेल' या काटकसरीने घेतलेली एक माप मोठी चप्पल ठेच लागण्याचे नेहमीचे कारण असते. घरात अनवाणी चालणे हे लहान मुलाच्या पायासाठी उत्तम, कारण तळव्याला जमिनीची जाणीव होते आणि बोटांची पकड तयार होते. बाहेर जाताना मापाची, मऊ तळव्याची आणि पायाला घट्ट बसणारी पादत्राणे असावीत.

चाके असलेला आणि मध्ये झोळीसारखी बैठक असलेला वॉकर अनेक घरांत बारशाच्या भेटींतून येतो. त्यामुळे मूल लवकर चालते हा समज चुकीचा आहे. मुलाचा भार बैठकीवर राहतो, ते चवड्यांनी जमीन ढकलते आणि स्वतःचा तोल सांभाळण्याचा सराव त्याला मिळत नाही. जिन्यावरून वॉकरसह गडगडून डोक्याला गंभीर इजा होण्याचे प्रसंग इतके घडले की, कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर संपूर्ण बंदी घातली. आपल्याकडील जुना लाकडी पांगुळगाडा याहून वेगळा आहे. त्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभे राहते आणि तो ढकलत पाऊल टाकते. कोणाची तरी नजर असेल तर तो अधिक बरा.

यानंतर डोळे आणि कान. ज्या मुलाला अंधुक दिसते, किंवा ज्याचे दोन डोळे एकत्र काम करीत नाहीत, त्याला उंबरठ्याची उंची आणि पायरीची कड यांचा अंदाज येत नाही. लहान मूल 'मला दिसत नाही' असे सांगत नाही, कारण याहून स्पष्ट दिसणे कसे असते हे त्याला माहीतच नसते. संध्याकाळी मंद उजेडात ते अधिक पडत असेल, वस्तू फार जवळ धरून पाहत असेल किंवा मान तिरकी करीत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठते. त्यामुळे ऐकू कमी येते आणि काहींचा तोलही बिघडतो. अशा मुलाला 'लक्ष नसते' असा शिक्का बसतो आणि कान तपासलेच जात नाहीत.

शाकाहारी घरांनी लक्ष द्यावे अशा दोन गोष्टी

हाडांना आणि स्नायूंना 'ड' जीवनसत्त्व लागते. ते मुख्यतः कोवळ्या त्वचेवर पडणाऱ्या उन्हातून तयार होते. बंद सदनिकेत वाढणाऱ्या आणि मोटारीतून शाळेत जाणाऱ्या मुलांत, आपल्या देशात भरपूर ऊन असूनही, त्याची कमतरता आढळते. कमतरता तीव्र झाली तर मुडदूस होतो. मनगटे रुंद होतात, पाय वाकतात, स्नायू ढिले पडतात, चालणे उशिरा सुरू होते आणि मूल डुलत चालते. उपचार सोपा व स्वस्त आहे, परंतु त्याची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

दुसरी गोष्ट 'ब-१२' जीवनसत्त्वाची. वनस्पतिजन्य अन्नात ते विश्वासार्ह प्रमाणात मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळते. गरोदरपणी आणि अंगावर पाजण्याच्या काळात जी माता दूधही वर्ज्य करते किंवा फार अल्प घेते, तिच्या दुधातच ते कमी पडते. असे बाळ सुरुवातीस गुटगुटीत दिसते, परंतु सहा महिन्यांनंतर मंद होत जाते. ते हसणे व बसणे विसरते, रंग फिका पडतो, हातापायांची त्वचा काळसर होते आणि अंग थरथरू लागते. भारतीय बालरोगतज्ज्ञांनी १९५० च्या दशकातच हे चित्र वर्णिले होते. वेळीच ब-१२ दिले तर सुधारणा होते. उशीर झाल्यास मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम राहू शकतो. व्रत, उपवास आणि आहारनियम पाळणाऱ्या घरांनी गर्भवतीच्या रक्तातील ब-१२ ची तपासणी करून घेणे, ही आहारनियम मोडल्याविना करता येणारी दक्षता आहे. कॅप्सूलचे आवरण प्राणिजन्य असेल अशी शंका असल्यास थेंब किंवा गोळी मागावी.

'वेंधळा' हे विशेषण

काही मुले बुद्धीने तल्लख असतात, तोंडी हिशेब झटपट करतात, परंतु सदऱ्याची बटणे लावताना अडतात. त्यांच्या हातून पेला सांडतो, चेंडू झेलला जात नाही, सायकल येत नाही, अक्षर वेडेवाकडे येते आणि चालताना ती दाराच्या चौकटीवर आपटतात. घरी त्यांना 'वेंधळा', 'धांदरट' अशी नावे पडतात. शाळेत खेळाचा संघ निवडताना ती शेवटी उरतात.

वैद्यकशास्त्राने या मुलांची दखल उशिराच घेतली. १९६२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने अशा मुलांवर संपादकीय लिहिले, तर १९७५ साली ऑस्ट्रेलियातील मेंदूविकारतज्ज्ञ गब्बे यांनी या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. आज या स्थितीस विकासात्मक समन्वय विकार असे नाव आहे. शाळकरी वयातील सुमारे ५ ते ६ टक्के मुलांत तो आढळतो, मुलग्यांत अधिक. यात स्नायू दुबळे नसतात आणि बुद्धीही कमी नसते. मेंदूने हालचालीची आखणी करावी आणि शरीराने ती पार पाडावी, हा व्यवहार सुरळीत होत नाही. निदान बहुधा पाच वर्षांनंतर केले जाते, कारण त्याआधी मुलामुलांतील स्वाभाविक फरकच मोठा असतो.

ही मुले आळशी नसतात. जे काम इतरांना विचार न करता जमते त्यासाठी त्यांना पूर्ण लक्ष द्यावे लागते, म्हणून ती लवकर थकतात. सतत टोमणे ऐकलेले मूल प्रयत्न करणेच सोडते, खेळापासून दूर राहते, वजन वाढते आणि आत्मविश्वास खचतो. पुष्कळांच्या बाबतीत ही अडचण मोठेपणीही काही प्रमाणात राहते, परंतु योग्य शिकवणीने तिचे ओझे हलके होते. कॅनडात हेलेन पोलाताइको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीत मुलाला चार पायऱ्या शिकवतात. काय साधायचे ते ठरव, कसे करायचे ते आख, करून पाहा आणि जमले का ते तपास. उद्दिष्ट मुलाने स्वतः निवडायचे असते. एखाद्याला बुटाची नाडी बांधायची असेल, एखाद्याला सायकल चालवायची असेल. व्यापारी घरांना ही रीत परकी वाटू नये, कारण प्रत्येक सौद्याचा क्रम हाच असतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हे शिकवतात. घरच्यांनी एक वेळी एकच कौशल्य घ्यावे, दररोज थोडा वेळ द्यावा आणि भावंडांशी तुलना करू नये.

जेथे वाट पाहू नये

आतापर्यंतची बहुतेक कारणे सौम्य किंवा सुधारण्याजोगी होती. परंतु काही आजारांची पहिली सूचना वारंवार पडणे हीच असते. त्यांत अग्रक्रमाने येतो तो ड्युशेन स्नायुक्षय. फ्रेंच वैद्य ड्युशेन यांनी १८६० च्या दशकात त्याचे सविस्तर वर्णन केले. साधारणतः साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकास तो होतो. स्नायूंना टिकवून धरणारे डिस्ट्रॉफिन नावाचे प्रथिन त्यांच्या शरीरात तयार होत नाही. हे प्रथिन शास्त्रज्ञांना १९८७ साली गवसले.

असा मुलगा जन्मतः निरोगी दिसतो. चालणे थोडे उशिरा येते. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान तो वारंवार पडू लागतो, इतर मुलांबरोबर धावू शकत नाही, जिना चढताना कठड्याला धरतो आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकतो. त्याच्या पोटऱ्या मात्र भरदार दिसतात आणि घरचे त्या कौतुकाने दाखवतात. सर्वांत महत्त्वाची खूण आहे ती जमिनीवरून उठण्याची. इंग्लंडचे वैद्य विल्यम गॉवर्स यांनी १८७९ साली तिचे वर्णन केले. मुलगा आधी ओणवा होतो, हात जमिनीवर टेकतो, मग गुडघ्यांवर आणि मांड्यांवर हात ठेवत स्वतःच्याच अंगावर चढल्याप्रमाणे उभा राहतो. आपल्याकडे मुले जेवायला, पाठशाळेत, दुकानाच्या गादीवर जमिनीलगत बसतात. म्हणजे ही खूण पाहण्याची संधी घरातील आजीला दिवसातून अनेकदा मिळते. चार वर्षांचा मुलगा हातांचा आधार घेतल्याविना उठू शकत नसेल, तर पुढच्या वाढदिवसाची वाट पाहू नये.

तपासणीचा आरंभ साधा आहे. रक्तातील 'सीपीके' नावाच्या घटकाचे प्रमाण पाहतात. या आजारात ते अनेक पटींनी वाढलेले असते. येथे एक गफलत नेहमी होते. तापाच्या वगैरे निमित्ताने केलेल्या रक्ततपासणीत 'एसजीओटी' व 'एसजीपीटी' वाढलेले दिसतात आणि मुलावर यकृताचे उपचार सुरू होतात. हे घटक स्नायूंतूनही येतात. म्हणून वारंवार पडणाऱ्या मुलग्याचे यकृताचे अहवाल बिघडलेले दिसले तर सीपीके तपासण्याची विनंती पालकांनी स्वतः करावी. पुढील निश्चिती जनुकीय चाचणीने होते.

हा आजार समूळ बरा करणारा उपाय आज नाही, तरी लवकर निदानाचे मोल मोठे आहे. योग्य वेळी सुरू केलेल्या स्टेरॉइड औषधांनी चालण्याची काही वर्षे वाढतात. नियमित व्यायामोपचाराने सांधे आखडणे लांबते. हृदय आणि श्वसन यांवर देखरेख ठेवता येते. याउलट मूलपेशींचे इंजेक्शन देऊन स्नायू परत आणू, अशा जाहिरातींना भुलून कुटुंबे वर्षांची बचत घालवून बसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीच्या मान्य प्रत्यारोपणांखेरीज अशा उपचारांना प्रमाणित उपचार मानलेले नाही. जेथे परताव्याची हमी असाधारण असते, तेथे मुद्दलही जाण्याचा धोका असतो, हा बाजाराचा नियम रुग्णालयातही लागू आहे.

एका समाजातील आजार आणि झाकलेली खाती

दुसरे उदाहरण व्यापारी समाजाच्या अधिक जवळचे आहे. मुंबईतील ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी एक विलक्षण निरीक्षण मांडले. पहिल्या वर्षातच डोके प्रमाणाबाहेर मोठे होणारी, थोडी उशिरा चालणारी, पुढे झोकांड्या देत वारंवार पडणारी आणि मधूनमधून फिट येणारी मुले त्यांच्याकडे येत होती. त्यांतील बहुसंख्य मुले अग्रवाल कुटुंबांतील होती. या समाजात हिंदू आणि जैन अशी दोन्ही कुटुंबे आहेत. नेदरलँड्समधील डॉ. मार्यो व्हान डर क्नाप यांनी १९९५ साली याच आजाराचे वर्णन केले. एमआरआयमध्ये मेंदूतील श्वेतद्रव्य सुजलेले आणि पाण्याच्या गाठी झालेले दिसते. चित्र पाहून डॉक्टर थबकतात, परंतु मूल त्या मानाने बरेच चांगले बोलत-चालत असते. पुष्कळ मुले अनेक वर्षे स्वतःच्या पायांनी चालतात. कारणीभूत जनुक २००१ साली सापडले आणि २००४ साली असे सिद्ध झाले की, अग्रवाल रुग्णांत त्या जनुकातील एकच विशिष्ट बदल आढळतो. अर्थात कित्येक पिढ्यांपूर्वीच्या एखाद्या समान पूर्वजाकडून तो उतरला असावा.

याचा दोष कोणत्याही समाजाला देण्याचे कारण नाही. पिढ्यान्पिढ्या आपसांत विवाह करणाऱ्या प्रत्येक समूहात असा एखादा वारसा असतोच. गोत्र टाळल्याने जवळचे नाते टळते, परंतु समान दूरच्या पूर्वजाकडून आलेला जनुकीय बदल गोत्राच्या नोंदीत दिसत नाही. आई आणि वडील दोघेही हा बदल बाळगणारे असले, तरी ते स्वतः पूर्ण निरोगी असतात. त्यांच्या प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून 'सुनेच्या माहेरचा दोष' हे वाक्य येथे शास्त्रदृष्ट्या खोटे आहे. वारसा दोन्ही घरांकडून सारखाच आलेला असतो. ड्युशेन आजारात बदल आईकडून येऊ शकतो, परंतु सुमारे एक तृतीयांश मुलांत तो नव्यानेच उद्भवलेला असतो. तेथेही आईला अपराधी ठरवणे अन्यायाचे आहे.

प्रश्न येतो तो लपवण्याचा. घरात असे मूल असले की मोठ्या बहिणीचे स्थळ मोडेल या भीतीने निदान टाळले जाते, दूरच्या गावी उपचार होतात, पाहुणे आले की मुलाला आतल्या खोलीत ठेवतात. त्या मुलाचे बालपण तर हरवतेच, शिवाय बहीण-भावंडांना स्वतःच्या जनुकीय स्थितीची माहिती न मिळाल्याने पुढच्या पिढीत तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो. बुडीत कर्ज ताळेबंदातून लपवले म्हणून ते वसूल होत नाही. व्याजासह ते पुढच्या वर्षात जाते.

न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू समाजाने यावर काढलेला मार्ग विचार करण्याजोगा आहे. टे-सॅक्स या घातक बालरोगाने आपली चार मुले गमावलेल्या रब्बी जोसेफ एकस्टाइन यांनी १९८३ साली 'दोर येशोरिम' ही संस्था सुरू केली. विवाहयोग्य तरुण-तरुणींची रक्तचाचणी होते आणि प्रत्येकास केवळ एक क्रमांक मिळतो. विवाह ठरण्यापूर्वी दोन क्रमांक कळवले की, हे स्थळ अनुरूप आहे किंवा नाही एवढेच उत्तर येते. कोणाचेही नाव उघड होत नाही, कोणत्याही घराला बट्टा लागत नाही. जेथे स्थळे आजही कुटुंबे ठरवतात, तेथे पत्रिका आणि गोत्र यांच्या जोडीला अशी गोपनीय चाचणी बसवणे अशक्य नाही. निदान ज्या घरात रुग्ण आहे, त्या घरातील भावंडांनी विवाहापूर्वी आणि गर्भधारणेपूर्वी जनुकीय समुपदेशन अवश्य घ्यावे.

घरातील नोंदवही

डॉक्टरांच्या पाच-दहा मिनिटांत मूल नेमके व्यवस्थित चालून दाखवते. म्हणून दोन आठवड्यांची एक छोटी वही ठेवावी. मूल केव्हा पडले, कोठे पडले, सपाट जमिनीवर की जिन्यावर, नेहमी एकाच बाजूला का, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि नंतर कसे उठले, एवढे लिहावे. चालण्याचे, धावण्याचे, जमिनीवरून उठण्याचे आणि जिना चढण्याचे चित्रण भ्रमणध्वनीवर करून न्यावे. डोक्याच्या घेराची लसीकरण पत्रिकेतील नोंद सोबत असावी.

पुढील गोष्टी आढळल्यास विलंब करू नये :

१. अठरा महिन्यांनंतरही आधाराविना न चालणे.

२. आधी येत असलेली हालचाल किंवा शब्द विसरत जाणे.

३. काही महिन्यांत पडणे कमी होण्याऐवजी वाढत जाणे.

४. जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकणे, किंवा सतत चवड्यांवर चालणे.

५. दीड वर्षाच्या आतच मुलाने एकच हात वापरणे. दुसरी बाजू कमजोर असल्याची ती खूण असू शकते.

६. डोक्याचा घेर वेगाने वाढणे, फिट येणे, थरथर, सकाळच्या वेळी उलट्यांसह डोकेदुखी.

कालपर्यंत नीट चालणारे मूल आज अचानक झोकांड्या देऊ लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. कांजिण्यांसारख्या संसर्गानंतर असे होते आणि बहुधा बरेही होते, परंतु आजोबांच्या झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या मुलाने गिळल्या असण्याचीही शक्यता असते. एकत्र कुटुंबात औषधांचा डबा कुलपात हवा. डोक्यावर पडल्यानंतर शुद्ध हरपणे, वारंवार उलट्या, न थांबणारी गुंगी, फिट, किंवा नाका-कानातून रक्त वा पाणी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास तातडीने उपचार घ्यावेत.

खर्चाचा विचार करून कोणी थांबू नये. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते आणि जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत व्यायामोपचार, दृष्टी व श्रवण यांची सोय असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्नायुक्षयाचा समावेश आहे. अधिकृत प्रमाणपत्र असल्यास, जुन्या करप्रणालीत अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी ७५,००० रुपयांची आणि दिव्यांगता ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट आयकरात मिळते. प्रमाणपत्र काढण्यात कमीपणा मानून कुटुंबे हा हक्क सोडून देतात.

दहा मुलांतील नऊ मुलांचे पडणे हे वाढीचेच लक्षण ठरेल, त्यांना फक्त मोकळी जागा, ऊन, मापाची चप्पल आणि थोडा धीर हवा असेल. एखाद्याला चष्मा लागेल, एखाद्याला बटण लावायला शिकवणारा गुरू लागेल. क्वचित एखाद्या घरी कठीण निदान येईल. त्या घराने दार लावून घेऊ नये आणि समाजाने त्या दाराकडे पाठ फिरवू नये, एवढी अपेक्षा गैर ठरणार नाही.